आकृती सांगेल तेवढेच

आमच्या बडोद्यातील मराठी घरांतूनही मुले-मुली आता परदेशी शिकावयास निघतात, आणि त्यांच्या वाटेवर ‘आयईएलटीएस’ ही इंग्रजीची परीक्षा उभी असते.

आमची एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी तीस बसली. सरावाचे एक उत्तर तिने आम्हांस दाखविले होते. एका देशात तीस वर्षांत बस, रेल्वे व मोटारीने किती टक्के लोक कामावर गेले, याचा तो आलेख. मोटारींची रेषा चढलेली पाहून तिने वाढती समृद्धी, आटलेला शेजारधर्म आणि धूर यांवर सुरेख परिच्छेद लिहिले होते. आम्ही संतुष्ट होऊन शाबासकी दिली. परीक्षेतही तिने तोच थाट राखला. लेखनात साडेसहा हवे होते, मिळाले साडेपाच. प्रवेश वर्षभर लांबला. “सर, माझं काय चुकलं?” या तिच्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. सारा दोष त्या एका उत्तराचा नसेलही. पण आमचा वाटा त्यात होताच.

मग आम्ही नियम वाचले. विद्यापीठीय शिक्षणासाठी जी परीक्षा असते, तीत लेखनास ६० मिनिटे मिळतात. पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता, नकाशा वा प्रक्रियेची आकृती देऊन किमान १५० शब्दांत वर्णन मागतात. त्यास सुमारे २० मिनिटे. दुसरा प्रश्न २५० शब्दांच्या निबंधाचा, दुप्पट वजनाचा. मत मांडावयाचे ते तेथे.

वर्णनात प्रथम आलेख कशाचा, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे. मग सबंध चित्राचा सारांश: मोटारी वाढल्या, बस घटल्या, रेल्वे जवळजवळ स्थिर. त्यानंतर निवडक आकडे, तुलनेसह. प्रत्येक वर्षाचा आकडा देणे म्हणजे वाण्याची यादी वाचणे होय. प्रमाण २० टक्क्यांवरून ४० वर गेले तर ‘दुप्पट झाले’ म्हणावे. ‘वीस टक्क्यांनी वाढले’ म्हटल्यास २० चे २४ झाले, असाही अर्थ निघतो. कारणे आलेखात नसतील तर देऊ नयेत.

येथेच आमच्या मुलांची गाडी अडते, आणि दोष त्यांचा नाही. निबंधात कल्पना हवी, भावना हवी, शेवटी बोध हवा, हे आम्हीच शिकविले. दिसले तेवढेच नेमके सांगणे शिकवावयाचे राहून गेले.

आता आम्ही सातवीच्या फळ्यावर आठवड्याच्या हजेरीचा स्तंभालेख काढतो व मराठीतच पाच वाक्ये लिहून घेतो. सोमवारचा स्तंभ ठेंगणा दिसताच एक हात वर होतो, “सर, रविवारी लग्न होतं म्हणून!”

“असेल बाळ, पण ते फळ्यावर कुठे आहे?”

वर्ग हसतो, आणि पुन्हा फळ्याकडे पाहतो.

ती विद्यार्थिनी पुढील महिन्यात पुन्हा परीक्षेस बसत आहे. काल तिने नवे उत्तर आणले. शाबासकी लिहिण्यापूर्वी या खेपेस आम्ही आधी आलेख पाहिला.