कागदाविना बावीस वर्षे

जळगावच्या शाखेत अधिकारी असताना डाळमिलमधला एक कामगार माझ्याकडे कर्ज मागायला आला होता. मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती. मी पगाराची पावती मागितली. तो म्हणाला, "साहेब, पावती कुठली? शेठ शनिवारी हातावर पैसे ठेवतात." नियमावर बोट ठेवून मी त्याला परत पाठवले.

यंदा तो घरी आला. काम सुटले होते. मी ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडला. सूत्र 1972 च्या कायद्यातले, नव्या संहितेतही तेच: शेवटच्या मासिक वेतनाला 26 ने भागायचे, 15 ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. 10,400 रुपयांवर 22 वर्षांचे 1,32,000 रुपये होतात. पण ही 22 वर्षे सिद्ध कशाने करायची? कामावरून कमी केल्याच्या दाव्यात 240 दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले आहे.

साने गुरुजी अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांत वावरले, तेव्हा त्या कामगाराचे नाव निदान हजेरीपुस्तकात असे. आज खानदेशातला कामगार डाळमिल, चटईचे कारखाने आणि यंत्रमागांच्या शेडमध्ये विखुरला आहे.

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर गेली, यावर मोठा वाद झाला. वाद महत्त्वाचा आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक शेडमध्ये शंभर माणसेही नसतात. त्यांच्यासाठी मोलाची तरतूद वेगळीच आहे: दहा वा अधिक कामगार असतील तिथे नियुक्तिपत्र आणि प्रत्येक मालकाकडून पगाराची पावती.

मालकांना यात कटकट दिसते. पण सहा वर्षे राबलेल्याने सोळा वर्षांचा दावा केला, तर मालकाला तरी दुसरा कोणता आधार आहे? कागद दोघांचाही साक्षीदार असतो.

निघताना त्याने विचारले, "पोरगा चटईच्या कारखान्यात लागलाय. त्याला मिळेल का असा कागद?"

"मागायला सांगा."

"मागितला, तर उद्यापासून येऊ नको म्हणतील."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. हक्क मागण्याची किंमत नोकरी असेल, तर मागण्याचे काम कामगारावर सोडून चालणार नाही. ते सरकारी निरीक्षकाने करावे, आणि बँकांनीही. डाळमिलला कॅश क्रेडिट देताना आम्ही दरमहा मालाचे विवरणपत्र घेत होतो, गोदामात जाऊन पोती मोजत होतो. ती पोती उचलणाऱ्यांची यादी मात्र मी एकदाही मागितली नाही. मागितली असती, तर कदाचित त्याच्या कर्जाच्या अर्जाला जोडायला एक कागद तरी मिळाला असता.