जोडीदार अंथरुणाला खिळला तर खर्च कशातून? बीडमधल्या वृद्ध जोडप्यांनी आधीच काय ठरवून ठेवावं?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजूर साखर कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने अनेक घरांत म्हातारा-म्हातारीच उरतात. त्यातल्या एकाला अर्धांगवायू झाला किंवा स्मृतिभ्रंश जडला, तर त्याचं सगळं दुसऱ्यालाच करावं लागतं. अशा वेळी सरकारकडून काय मिळतं?

उपचार मिळतात, सांभाळ नाही

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, संरक्षण मिळतं. पती-पत्नी दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाखांची मर्यादा दोघांत मिळून असते.

पण हा पैसा रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर घरी लागणारे डायपर, मदतनीस, जाण्या-येण्याचं भाडं यांचा खर्च घरच्यांवरच पडतो.

मग वृद्धाश्रमाचं काय? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एका वृद्धाश्रमाची कल्पना आहे. पण ती निराधारांसाठी आहे आणि राज्यावर सक्ती नाही.

अमेरिकेत 'मेडिकेड' ही सरकारी योजना शुश्रूषागृहाचा खर्च उचलते, पण स्वतःची पुंजी बरीचशी संपल्यावरच. म्हणून तिथे मागे राहणाऱ्या जोडीदाराचा वाटा वाचवण्याचं नियोजन होतं. आपल्याकडे असा खर्च उचलणारं कोणी नाही. त्यामुळे जोडप्याची स्वतःची मालमत्ता हाच सांभाळाचा निधी ठरतो.

महिन्याला हातात किती?

श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण कौटुंबिक उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची आहे. पीएम-किसान आणि नमो शेतकरी योजनेचे मिळून वर्षाला १२ हजार रुपये, म्हणजे महिन्याला हजार. हे पैसे सातबाऱ्यावरच्या नावावर अवलंबून असतात.

जमीन नावावर करण्याची घाई का नको?

'आमचं काय राहिलंय आता' म्हणत अनेक जण हयातीतच जमीन मुलांच्या नावे करतात. त्यानंतर आजारपण आलं, की विकायला किंवा बटाईने द्यायला हाताशी काहीच नसतं.

द्यायचीच असेल, तर बक्षीसपत्रात 'आई-वडिलांचा सांभाळ करावा' ही अट लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट मोडल्यास व्यवहार रद्द करता येतो. अट नसेल, तर या कलमाचा आधार मिळणं कठीण, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. २०२५ च्या निकालात मात्र त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावावा असं सांगत आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं.

दुसरी गोष्ट पत्नीच्या नावाची. नवरा आजारी पडला आणि सातबाऱ्यावर त्याचंच नाव असेल, तर ती निर्णय घेऊ शकत नाही. १९९२ पासूनच्या लक्ष्मी मुक्ती योजनेत पतीने अर्ज केल्यास पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

बँकेचं काम शुद्धीत असतानाच

मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे काम झालं, असा समज असतो. पण ते लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की साधारणपणे मुखत्यारपत्रही संपतं. नेमकी गरज असते तेव्हाच ते निरुपयोगी होतं. त्याऐवजी खातं आणि ठेवी दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही' सही करू शकेल अशा कराव्यात. वारसाचं नावही लावावं. पण नामनिर्देशन मृत्यूनंतरच उपयोगी पडतं, आजारपणात नाही.

मुलं सांभाळत नसतील तर?

उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या, म्हणजे प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. कायद्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला १० हजार आहे. माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

मुलं ऊसतोडीवरून परतली, की जमीन, खातं आणि सांभाळाची पाळी या तिन्हींवर एकदा बसून बोलणं सोयीचं. दोघंही हिंडतेफिरते असतानाच ते झालेलं बरं.