२१ प्रकार विचारले, जात नाही

अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा पाच वर्षांचा आराखडा ठरायचा होता. 'समुदायाचं मत' गोळा करायला त्यांनी मला बोलावलं. प्रश्नावलीत २०१६च्या कायद्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार होते, जातीचा रकाना नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, "आम्ही जात मानत नाही." (हे वाक्य कोण म्हणतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.)

मतं आली ती ऑनलाइन, इंग्रजीतून, शहरांतून. मागण्या आल्या सुलभ वेबसाइटच्या, मेट्रोतल्या लिफ्टच्या. त्या खऱ्याच आहेत. पण २१ प्रकारांत सिकलसेलही आहे आणि विदर्भात हा आजार मुख्यतः आदिवासी आणि दलित वस्त्यांत आढळतो. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर सिकलसेलच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा खुल्या आहेत. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांच्या यादीत मात्र हा आजारच नाही. म्हणजे पदवीपर्यंत अपंग, नोकरीच्या अर्जात धडधाकट! घरातल्या पहिल्या पदवीधराला याचा अर्थ समजावायला नको. ही मागणी आराखड्यात आली नाही, कारण ज्यांची ती आहे त्यांच्या दारात कुणी गेलंच नव्हतं.

केंद्रीय सल्लागार मंडळावरच्या संस्था-प्रतिनिधींत अनुसूचित जाती आणि जमातीचा किमान एकेक सदस्य हवा, असं हाच कायदा सांगतो. मग संस्थेलाच जात विचारायचा संकोच का?

रकाना घालून मी प्रश्नावली परत पाठवली आहे. खर्चाच्या अंदाजात गडचिरोलीचं एसटी भाडंही धरलंय. उत्तर अजून आलेलं नाही.