जुनी स्टेपनी घेताना बिल मागा

चारचाकी वाहनधारक, टॅक्सीचालक, कॅम्पर व्हॅनचे मालक आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांस जाहीर आवाहन

गाडीच्या पोटाखाली टांगलेली स्टेपनी चोरताना काच फुटत नाही, दाराचे कुलूप तुटत नाही आणि बहुधा अलार्मही वाजत नाही. तार किंवा साखळी सैल केली, नाहीतर कापली, की काम झाले. मालकाला पत्ता लागतो तो टायर पंक्चर झाल्यावर, आणि 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मध्यरात्री हे कळणे म्हणजे नुसते पैशांचे नुकसान नव्हे. कॅम्पर व्हॅनचे दुखणे आणखी मोठे. आतली जागा पलंग, शेगडी आणि पाण्याच्या टाकीने अडवलेली, त्यामुळे चाक बाहेरच राहते. सहल नसली की गाडी आठवडेच्या आठवडे एका जागी उभी. राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण परतल्यावर ही गाडी उभी राहते ती बहुतेकदा रस्त्याच्या कडेलाच.

कुलूप लावाच. डिस्कमधून जाणारे स्टेपनी लॉक किंवा चॅसीला जखडलेली जाड साखळी यांमुळे चोराचा वेळ जातो, आणि उघड्यावर काम करणाऱ्याला वेळच परवडत नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ते उघडून तेल द्या. गंजलेले कुलूप ऐनवेळी मालकालाच अडवते. मात्र कुलपावर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. आपली गाडी बंदोबस्तात गेली, की चोर शेजारच्या गाडीखाली शिरतो. त्याला चाक वापरायचे नसते, ते बिनबोभाट विकता येते म्हणून तो नेतो. जुनी गाडी विकायची तर आरसी लागते, इंजिन आणि चॅसी क्रमांक जुळावे लागतात. चाकाला कोणी काही विचारत नाही. वास्तविक आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टायरच्या कडेवर अनुक्रमांक असतो, शिवाय उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात. 2323 म्हणजे 2023 चा तेविसावा आठवडा. या मजकुराचा फोटो काढून खरेदीच्या बिलासोबत ठेवा आणि डिस्कच्या आतल्या अंगाला गाडीचा नंबर पक्क्या रंगाने लिहा.

रंग खरवडता येतो, अनुक्रमांक घासता येतो, हे मान्य. पण खरवडलेले चाक पाहून गिऱ्हाइकाने प्रश्न विचारायला हवा, आणि माझे आवाहन खरे तर त्या गिऱ्हाइकालाच आहे. बिल नसेल, तर जुनी स्टेपनी घेऊ नका. यावर टॅक्सीचालक म्हणतील की नवे चाक परवडत नाही, जुन्या बाजारावरच आमचा धंदा चालतो. त्यांची अडचण खोटी नाही. परंतु बिल देण्याने चाक महाग होत नाही, महाग होते ते चोरीचे चाक स्वच्छ करणे. शिवाय रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत त्यांच्याच गाड्या जास्त. आज स्वस्तात घेतलेले चाक ज्या बाजारातून आले, तिथेच उद्या त्यांचे स्वतःचे जाईल. प्रामाणिक दुकानदारालाही बिलाचा फायदाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार, चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘विमा आहे ना’ हे उत्तरही तपासून पाहावे. एका चाकासाठी दावा केला, की खिशातून भरायची सक्तीची रक्कम वजा होते आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी 20 ते 50 टक्क्यांची सवलत हातची जाते. म्हणून बहुतेक जण दावाही करत नाहीत आणि पोलिसांकडेही जात नाहीत. गेलेच, तर चोरी कधी झाली हे सांगता येत नाही, कारण गाडीखाली कोणी वाकून पाहिलेलेच नसते. आठवड्यातून एकदा पाहा. चाक गेले असेल, तर अनुक्रमांकासह तक्रार द्या, रक्कम किरकोळ वाटली तरी. संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी एखादा तरी सीसीटीव्ही कॅमेरा गाड्यांच्या मागच्या बाजूकडे वळवावा आणि तक्रार येताच, जुन्या चित्रणावर नवे चढण्याआधी, त्याची प्रत काढून ठेवावी.