तीनचाकीवरचे छप्पर : हलके हवे, पण डळमळणारे नको

इंदूरच्या एका भगिनींचे पत्र आहे. त्यांचे यजमान हाताने पेडल फिरवायच्या तीनचाकीवरून रोज दुकानात ये-जा करतात. ऊन-पावसासाठी तीनचाकीवर घरच्या घरी छप्पर करायचे आहे. दीर म्हणतात पाण्याचा जुना पाइप वापरा, शेजारी म्हणतात सळई घ्या, मुलगा म्हणतो प्लॅस्टिकचा पाइप सर्वांत हलका. 'कुणाचे ऐकू?' असे त्या विचारतात.

ताई, तिघांचेही ऐकू नका. ही गाडी इंजिनावर चालत नाही, यजमानांच्या दोन दंडांवर चालते. छपरात वाढलेला प्रत्येक किलो त्यांना चढावर रोज ओढायचा आहे. अशा छपराच्या सांगाड्याला साधारण ९ मीटर पाइप लागतो. पाण्याचा अर्धा इंची मध्यम जाडीचा जी. आय. पाइप मीटरला सुमारे सव्वा किलो भरतो. म्हणजे कापड न घालताच ११ किलो झाले, जणू पाण्याने भरलेली बादली डोक्यावर घेऊन फिरणे!

सळई दिसायला बारीक, म्हणून हलकी वाटते. पण १२ मि.मी.ची सळई मीटरला जवळजवळ ९०० ग्रॅम भरते. याउलट फर्निचरसाठी मिळणारा एक इंची, १८ गेजचा पोकळ पाइप ७०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि वाकण्याला सळईपेक्षा सहापट अधिक विरोध करतो. कारण सोपे आहे. वाकताना ताण पडतो तो बाहेरच्या कडेवर. मधले लोखंड नुसते वजन वाढवते. बांबू पोकळ असूनही वाऱ्यात टिकतो तो याच न्यायाने.

प्लॅस्टिकचा, म्हणजे पी.व्ही.सी.चा पाइप खरोखर हलका असतो. पण पोलादाच्या तुलनेत त्याचा ताठपणा साठाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यात मे महिन्याच्या उन्हात तापला की तो आणखी मऊ पडतो, आणि वर्षानुवर्षे ऊन खाऊन ठिसूळ होतो. घरातल्या वायरिंगसाठी तो उत्तम. डोक्यावरच्या छपराचा भार मात्र त्याच्यावर टाकू नये.

उरले ॲल्युमिनियम. एक इंची, दीड मि.मी. जाडीची नळी मीटरला ३०० ग्रॅम. गंजतही नाही. अडचण जोडणीची. गल्लीतला वेल्डिंगवाला साध्या वेल्डिंगने ते जोडू शकत नाही, आणि जोडले तरी सांध्याजवळ ते कमजोर होते. म्हणून रिव्हेट किंवा नटबोल्टच वापरावेत.

माझे मत असे : खालचे चार खांब पोलादाचे, पाऊण इंची १८ गेजचे, आणि वरची चौकट व कमानी ॲल्युमिनियमच्या. खांब सुमारे सव्वादोन किलो, वरचा भाग दीड किलोच्या आत. वजन जितके उंचावर, तितकी गाडी वळणावर कलंडायची भीती जास्त. म्हणून हलका माल वरच हवा. दोन्ही धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला. पावसाचे पाणी साचले की अशा सांध्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. समुद्रकाठच्या वाचकांनी तर हे विसरूच नये.

बांबूही वाईट नाही, आणि स्वस्त आहे. मात्र तो तीन-चार वर्षांचा पक्व हवा. त्याला खिळा ठोकू नका, चिरतो. गिरमिटाने भोक पाडून बोल्ट घाला आणि नायलॉनच्या दोरीने आवळून बांधा. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला असेल तर भुंगेऱ्याचा त्रास कमी होतो.

आता खरा शत्रू : वारा. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा समोर आलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा दाब देतो. ६० चा झाला की हाच दाब १७ किलोच्या घरात जातो. वळवाच्या वावटळीत छपराचे कापड शिडासारखे फुगते. नुसते चार उभे खांब अशा वेळी खाटेच्या सैल पायांसारखे डुलतात. म्हणून मागे आणि एका बाजूला तिरकी पट्टी हवीच. पातळ पट्टीही पुरते, कारण त्रिकोण आपला आकार सोडत नाही. ज्या बाजूने यजमान चढतात-उतरतात ती बाजू मात्र मोकळी ठेवा. कापड काढता येईल असे बांधा. मोठा वारा सुटला की गुंडाळून ठेवणे हाच शहाणपणा.

खांब तीनचाकीच्या मूळ चौकटीला वेल्ड करू नका. पाइपची भिंत पातळ असते, ती जळते, रंग उडतो आणि तिथूनच गंज धरतो. क्लॅम्प लावून बोल्टने आवळा, नट नायलॉकचे घ्या. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी साधे नट सुटतात. पहिल्या आठवड्यानंतर सगळे पुन्हा आवळावे लागतील.

पाइप कापण्याआधी यजमानांना गाडीत बसवून पेडलचा पूर्ण फेरा मारायला सांगा. कोपर कुठे लागते तिथे खडूने खूण करा. आणि रात्री गाडी ज्या दारातून आत घेता, त्या दाराची उंची आधी मोजा.