खर्च कोणाचा आणि सवलत कोणाची?

सरकारचें अंदाजपत्रक म्हणजे निव्वळ आंकड्यांची जंत्री, अशी आमच्या सुशिक्षित घरांतून समजूत आहे. वस्तुतः याचक कोण आणि हक्कदार कोण, हें कोणता पैसा कोणत्या सदरांत लिहिला यावरून ठरत असतें. आरोग्यविम्याचेंच पाहा.

२३ सप्टेंबर २०१८ रोजीं रांची येथें प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. गरीब कुटुंबास वर्षास पांच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयांतील उपचार मिळावयाचे, आणि खर्चाचा भार केंद्र व बहुतेक राज्यें यांनीं ६० व ४० या प्रमाणांत वाहावयाचा. केंद्राचा हा वांटा खर्चाच्या बाजूस लिहिला जातो. त्यासाठीं दरवर्षीं लोकसभेपुढें अनुदानाची मागणी येते, तीवर सभासदांस कपातसूचना मांडतां येते, आणि आम्ही सकाळच्या चहाबरोबर 'फुकट्यांवर किती ही उधळण!' असे उद्गार काढतों.

आतां आमचें पाहूं. विम्याचा हप्ता भरून आम्ही '८०-डी'ची वजावट घेत आलों आहों. जुन्या करपद्धतींत स्वतःच्या कुटुंबासाठीं २५,००० आणि साठी उलटलेल्या आईबापांसाठीं ५०,००० रुपयांपर्यंतचा हप्ता उत्पन्नांतून वजा होतो. तेवढा हप्ता भरला असतां तीस टक्क्यांच्या पायरीवरील गृहस्थाचे, उपकर सोडून, २२,५०० रुपये वांचतात. वीस टक्क्यांच्या पायरीवरील कारकुनाचे १५,०००. आणि ज्याच्यावर कराचें देणेंच नाहीं, त्यानें पोटास चिमटा घेऊन तोच हप्ता भरला तरी त्यास कवडीही नाहीं. ज्यास अधिक त्यासच अधिक, असा हा धर्मादाय! खर्चाच्या सदराखालीं अशी योजना मांडण्यास कोणता अर्थमंत्री धजेल? परंतु ही पडली 'सवलत'. एकदां कायद्यांत शिरली कीं तिला दरसालच्या मंजुरीचें कारण उरत नाहीं.

'आमचाच पैसा आमच्यापाशीं राहिला, यांत सरकारनें दिलें काय?' असें कोणी विचारील. तितक्याच उत्पन्नाचा, पण विमा न घेणारा शेजारी पुरा कर भरतो. तिजोरींतील तूट साबणाच्या वडीवर कर देणारी मोलकरीणही भरून काढते. म्हणूनच अमेरिकेच्या अर्थखात्यांतील स्टॅन्ले सरे यांनीं १९६७ सालीं अशा सवलतींस 'करखर्च' हें रोखठोक नांव दिलें. आमच्या केंद्रीय अंदाजपत्रकासही २००६-०७ पासून अशा सवलतींचें एक विवरण जोडलें जातें. पण तें पुरवणींत, जमेच्या पुस्तकांत. त्यावर मतदान नाहीं. नव्या करपद्धतींत ही वजावट नाहीं खरी. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तु-सेवा कर माफ झाला. एक दार लोटलें, दुसरें उघडलें.

ही सवलत मुळींच नसावी असें आमचें म्हणणें नाहीं. गरिबाच्या उपचारांची रक्कम आणि आमच्या हप्त्यापायीं सुटलेला महसूल एकाच पानावर, एकाखालीं एक छापावा, आणि दोहोंवर दरवर्षीं मत घ्यावें, एवढेंच आम्ही मागतों. आक्टोबर २०२४ पासून सत्तरी उलटलेल्या सर्वांस, उत्पन्न न पाहतां, ती गरिबांची योजना खुली झाली आहे. चहाच्या वेळीं 'फुकटे' म्हणणारे आमचे एक स्नेही परवां त्याच कार्डासाठीं रांगेंत उभे होते.