यंदाच्या वसुबारसेला मला ज्यांचे आभार मानायचेत

आज भाऊबीज. शुभेच्छांचा पाऊस ओसरला असेल, म्हणून थोडं मनातलं लिहितो. वाचा, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा.

वसुबारसेच्या दिवशी सकाळपासून मोबाईलवर गाय-वासराचे फोटो येत होते. घरी आईचा उपास. दूध-तूप नाही, गहू-मूग नाही. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. पूजेचं ताट तयार होतं आणि फोन वाजला. बाजारतळावरचा भाजीवाला. "पत्रकार साहेब, मागच्या उकिरड्याजवळ गाय बसलीय. कालपासून उठत नाही. आज तरी कुणीतरी या."

हे 'आज तरी' लागलं मला.

गेलो. डावी कूस ढोलासारखी फुगलेली, रवंथ बंद. पशुवैद्यक डॉक्टर दिवाळीच्या सुट्टीवर होते, गावी निघायच्या तयारीत. फोन केला तर पिशवी खाली ठेवून आले. तालमीतल्या चार पोरांनी गाय उचलून पिकअपमध्ये चढवली. रात्रभर सलाईन. धनत्रयोदशीला सकाळी आधार देऊन उभी केली, भूल देऊन डावीकडून कोठीपोट उघडलं. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत. कॅरीबॅगा, सुतळी, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या. दोन घमेली भरली.

त्यातल्या एका पिशवीची गाठ तशीच होती. आत हाराचा दोरा. फुलं कुजून गेलेली. म्हणजे कुणीतरी देवाला वाहिलेला हार पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकला होता. गाय काही निवडून खात नाही. आतल्या अन्नाच्या वासावर ती पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक पचत नाही आणि बाहेरही पडत नाही, वर्षानुवर्षं साठत जातं. पोट प्लास्टिकने भरलं की जनावर भरल्या पोटी उपाशी मरतं.

आता आभार. पिकअपवाल्या मामांनी डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मेडिकलवाल्याने रात्री साडेदहाला शटर उघडलं. तालमीतली पोरं नवे कपडे शेणात बरबटून हसत घरी गेली. आणि माझी आई. उपास सोडायचा थांबली होती. फोनवर म्हणाली, "तिच्या पाठीवरून हात फिरव, झाली पूजा." या सगळ्यांमुळे माझी दिवाळी झाली. मनापासून सांगतो, अशी माणसं गावात आहेत म्हणून हे काम जमतं.

पण लोक मला म्हणतात, "तुम्ही फार पुण्याचं काम करता." इथे मला थोडं बोलायचंय. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा मी बातमी करायला गेलो आणि या कामात ओढला गेलो. त्याआधी किती वर्षं मीच 'मोकाट जनावरांचा उपद्रव' असे मथळे दिलेत. ती जनावरं कुणाची, हे एकदाही विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ दूध काढून गाय रस्त्यावर सोडणारा मालक असतो. तो कुठल्याच बातमीत नसतो. आणि खरं सांगायचं तर तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याही घरचं खरकटं पिशवीत गाठ मारूनच जायचं.

कॅरीबॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आपल्या बाजारात जाऊन बघा, कुठे आहे ती? उकिरड्याला कुंपण नाही. कोंडवाड्यात ना धड छप्पर, ना पाणी. ही कामं पुण्याची नाहीत, नगरपालिकेची आहेत, आणि त्यासाठी आपण घरपट्टी भरतो. आम्ही चार-पाच स्वयंसेवक किती पोटं फाडून बघणार? वर्षातून एक दिवस गाईला ओवाळायचं आणि उरलेले दिवस तिला पिशव्या खाऊ घालायच्या, याला कृतज्ञता म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फार काही मागत नाही. खरकटं पिशवीत बांधू नका. निर्माल्य घरच्या कुंडीत घाला. गाय पाळायची तर दावणीला बांधायची जबाबदारीही घ्या. जनावर आजारी दिसलं तर फोटो काढून स्टेटसला ठेवण्याआधी १९६२ या सरकारी नंबरवर फोन लावा. आणि मत मागायला कुणी दारात आलं, की कोंडवाड्याबद्दल विचारा.

गाय आता थोडा हिरवा चारा खातेय. वाचेलच असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत.

उद्या सकाळी घंटागाडी येईल. ओला कचरा बादलीने द्या, पिशवी परत घरात न्या. विश्वास बसत नसेल तर माझ्याकडे या. ती दोन घमेली मी टाकलेली नाहीत, नगरपालिकेत दाखवायला ठेवलीत.